आधी सदुसष्टावी, मग सहासष्टावी

ज्यांचं गणित कच्चं आहे त्यांनी हा लेख बिनधास्त वाचावा. ज्यांचं पक्कं आहे त्यांना थोडा त्रास होईल. 2025 साली 29 जानेवारी ते 2 फेब्रुवारी या दिवसांत अहिल्यानगरच्या वाडिया पार्कात 67वी महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. त्यानंतर मार्चअखेरीस, याच जिल्ह्यात, कर्जतला, 66वी महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. छपाईची चूक नाही. आधी सदुसष्ट, मग सहासष्ट. आमच्या जिल्ह्यात उसाची मोळी वजनात कमी भरते हे ऐकून होतो, पण काळच उलटा चालवायचा म्हणजे कर्तबगारीची कमाल झाली.

पहिलीत पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला, दुसरीत वेताळ शेळके. दोघेही खरे पैलवान, दोघांनीही घाम गाळला, दोघांच्याही खांद्यावर चांदीची गदा आली. त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते दोन महिन्यांत एका जिल्ह्याला दोन ‘एकमेव’ केसरी पुरवणाऱ्या पुरवठादारांशी. एक स्पर्धा महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघाची, दुसरी महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची. एकीचे यजमान आमदार संग्राम जगताप, दुसरीचे आमदार रोहित पवार. पक्ष फुटला की चिन्ह फुटतं, कार्यालय फुटतं, हे आपण सोसलं. आता गदाही फुटते. खरा पक्ष कोणता हे ठरवायला निवडणूक आयोग तरी आहे, खरा केसरी कोण हे ठरवायला कुठे जायचं? वेशीवरच्या मारुतीला कौल लावायचा? त्याच्याकडे एकच गदा आहे, तो बिचारा गोंधळून जाईल.

बरं, हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. 2023 च्या नोव्हेंबरात फुलगावला सिकंदर शेख केसरी झाला आणि थोड्याच दिवसांनी धाराशिवला शिवराज राक्षे केसरी झाला. गंमत पाहा, फुलगावच्या अंतिम कुस्तीत सिकंदरने हरवलं होतं ते याच राक्षेला. म्हणजे नोव्हेंबरात हरला आणि नोव्हेंबरातच जिंकला. अद्वैत सिद्धान्त यापेक्षा वेगळा काय असतो?

एकाच मोसमात अनेक ‘एकमेव’ विजेते, हा प्रकार परदेशातही चालतो. अमेरिकेत चिअरलीडिंगच्या खाजगी अकॅडम्या असतात. 2008 साली आयपीएलमध्ये परदेशी चिअरलीडर नाचल्या तेव्हा आपल्याकडे संस्कृतिरक्षकांना ताप चढला होता. त्यांच्या माहितीसाठी सांगतो, तिकडे तो हाडं मोडणारा खेळ आहे. माणसावर माणूस चढवायचा, वरच्या मुलीला हवेत भिरकावायचं आणि खाली झेलायचं, चुकलं की मान आणि मनगट. तिथे स्पर्धा भरवणाऱ्या कंपन्या अनेक आणि ‘राष्ट्रीय’ स्पर्धाही अनेक, त्यामुळे दर मोसमात राष्ट्रीय विजेत्यांचं बंपर पीक येतं. प्रत्येक अकॅडमीच्या भिंतीवर विजेतेपदाचे फलक, प्रत्येक प्रशिक्षक ‘चॅम्पियन घडवणारा’, प्रत्येक पालकाच्या खिशाला भोक. मी हे वाचून हसत होतो. मग वाडिया पार्क झालं, कर्जत झालं, आणि हसू घशात अडकलं. त्यांच्याकडे निदान कंपन्या आहेत, त्या धंदा करतो असं सरळ सांगतात. आमच्याकडे तोच धंदा ‘लाल मातीची सेवा’ या नावाने चालतो.

आता त्या लाथेकडे येऊ. तुम्ही तिचीच वाट बघत होता, मला माहीत आहे.

वाडिया पार्कात गादी गटाच्या निर्णायक कुस्तीत पंचांनी शिवराज राक्षे चितपट झाल्याचा निकाल दिला. आपली पाठ टेकलेलीच नाही असं राक्षेचं म्हणणं. चित्रफीत पाहा, अशी त्याने दाद मागितली. दाद लागली नाही. मग पंचाची कॉलर धरली गेली आणि लाथ बसली. संध्याकाळी महाअंतिम कुस्तीत गुणावरून पुन्हा वाद, आणि शेवटची काही सेकंदं उरली असताना महेंद्र गायकवाड गादी सोडून चालता झाला. मोहोळ विजयी. राक्षे आणि गायकवाड दोघांवर तीन तीन वर्षांची बंदी. व्यासपीठावर उपमुख्यमंत्री, केंद्रीय मंत्री, आमदार, समोर हजारो लोक आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. लाथेची चित्रफीत सगळ्यांकडे होती. पाठ टेकली की नाही याची चित्रफीत तपासायला मात्र कोणी तयार नव्हतं. एवढ्या मंडपात!

पंच चुकला असेल. माणूस आहे, चुकतो. मला त्या क्षणी पंचापेक्षा कोपऱ्यात रस आहे. गादीवरच्या कुस्तीत प्रत्येक पैलवानाच्या कोपऱ्यात त्याचा प्रशिक्षक बसलेला असतो. तो काही टाळ्या वाजवायला बसवलेला नसतो. निकाल पटला नाही तर आव्हान द्यायचा अधिकार त्याच्याकडे असतो. हातातला स्पंजचा तुकडा गादीवर टाकायचा, चित्रफीत तपासा म्हणायचं. आव्हान फसलं तर समोरच्याला एक गुण जातो, म्हणून हे काम डोकं थंड असलेल्या माणसाचं. म्हणजे खेळाने संतापाची सोय आधीच करून ठेवली आहे. पैलवानाने तापायचं, प्रशिक्षकाने थंड राहायचं, कागदावर दाद मागायची. ही व्यवस्था कोलमडते तेव्हा नुसता पैलवान दोषी कसा? तरणाबांड, वर्षभर एकाच दिवसासाठी पोसलेला पोरगा. त्याच्या हाती गदेऐवजी निकाल येतो आणि त्याच्याभोवती एकही माणूस असा नाही की ज्याने त्याला कधी सांगितलं असेल, बाळा, हरल्यावर असं असं वागायचं असतं.

सांगणार कसं? वस्तादाच्या अभ्यासक्रमात तो धडाच नाही.

वस्ताद म्हणजे काय चीज आहे, हे नगर जिल्ह्यात वाढलेल्याला सांगायला नको. यात्रेच्या हगाम्यात हलगी कडाडते, माइकवाला कोकलतो आणि पैलवानाच्या नावाआधी वस्तादाचं नाव पुकारतो. ‘अमुक वस्तादांचा पठ्ठा’. पठ्ठ्याला स्वतःचं नाव असतं, ते ओघात येतं. जिंकला की वस्ताद फेटा बांधून गादीवर. मी घडवला, माझ्या तालमीत वाढला, पोटच्या पोरासारखा सांभाळला. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स. वर नेत्यांचे चेहरे, मध्ये वस्ताद, कोपऱ्यात पासपोर्ट आकाराचा विजेता. आणि हरला की? हरला की पंच विकला गेला, पैसे फिरले, जोड चुकीची लावली, माती ओली होती, गादी नवी होती, पोराचं ‘लक्ष नव्हतं’. विजय वस्तादाचा, पराजय पठ्ठ्याचा, आणि दोघांच्या मधला सगळा दोष पंचाचा. असं निर्दोष तत्त्वज्ञान शंकराचार्यांनाही जमलं नसतं.

यातून पोरगा काय शिकतो? हरणं हे शक्यच नसतं. हरवलं जातं. मग ज्याने हरवलं तो शत्रू. आणि शत्रू समोर शिट्टी घेऊन उभा असेल तर पाय उचलायला किती वेळ लागतो?

लाथेनंतरचे दोन दिवस तर अधिकच बोधप्रद. माजी डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांनी लाथ कमी पडली, अशा पंचाला गोळ्या घालायला हव्या होत्या, असं जाहीरपणे सांगितलं आणि आपल्या गदा परत करण्याची भाषा केली. लोकसभा लढवलेला, दोन वेळा राज्याचा किताब जिंकलेला ज्येष्ठ. वीस वर्षांच्या पोरांनी ज्यांच्याकडे पाहायचं त्यांच्यातला. त्यांच्या संतापामागे जुना सल असेलही, पण आपल्या खेळातली समुपदेशनाची उपलब्ध सेवा ही अशी आहे. पोरगं उद्ध्वस्त होऊन येतं आणि ज्येष्ठ सांगतात, हत्यार चुकलं.

इथे एखादा सुज्ञ वाचक म्हणेल, सगळं खापर वस्तादांवर फोडता, पण चांगले वस्ताद नाहीत का? आहेत ना. आणि इथेच गोष्ट अवघड होते. जानेवारी 2020, पुण्याची बालेवाडी. महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्तीत हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके. हर्षवर्धन आपल्याच जिल्ह्यातला, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याचा. दोघेही काका पवारांच्या तालमीतले, एकमेकांबरोबर रोज झटणारे. हर्षवर्धन जिंकला, आणि जिंकल्याबरोबर त्याने हरलेल्या शैलेशला खांद्यावर घेतलं आणि मैदानात मिरवलं. विजेत्याला लोक खांद्यावर घेतात, इथे विजेत्यानेच हरलेल्याला घेतलं. त्या दिवशी मला या खेळाचा अभिमान वाटला होता, आणि मला अभिमान फार क्वचित वाटतो, विचारा कोणालाही.

शिवराज राक्षेही त्याच काका पवारांचा शिष्य. म्हणजे त्याच तालमीतून खांदाही आला आणि लाथही. काका पवार स्वतः अर्जुन पुरस्कार मिळालेले पैलवान, राहुल आवारेसारखा मल्ल त्यांनी घडवला. तेव्हा ‘वस्ताद वाईट म्हणून पोरगा वाईट’ हे सोपं उत्तर बाद. 2020 ला दोघेही घरचे होते, हरलेला परका नव्हता. 2025 ला समोर दुसरी तालीम, आणि पंचाबद्दल मनात संशय. शिस्त शिकवलेली असली तरी ती तालमीच्या उंबऱ्यापर्यंतच चालते. उंबऱ्याबाहेर संघ विरुद्ध परिषद सुरू होतं, आणि तिथे पैलवान म्हणजे दोन संघटनांच्या भांडणात फिरवायची गदा.

आता प्रेरणेकडे येऊ. अलीकडे तालमींनाही हा शब्द आवडायला लागला आहे. पूर्वी वस्ताद वेताची छडी घेऊन बसायचा. आता छडी आहेच, शिवाय प्रेरणा आहे. नगर-पुणे रस्त्याने निघा, नगर-मनमाड रस्त्याने निघा, दर काही मैलांवर एक अकॅडमी. पोलीस भरती, सैन्य भरती, कुस्ती संकुल, निवासी, अनिवासी, ‘खुराकासह’. प्रवेशद्वारावर झेप घेणारा वाघ. वाघाखाली संचालक, काळा चष्मा लावून. वाघ आणि संचालक यांतलं कोण कोणाला प्रेरणा देतं आहे ते ओळखू येत नाही. आत पहाटे पाचला पोरं जोर-बैठका मारतात आणि मोबाइलला जोडलेल्या पेटीतून एक घोगरा आवाज त्यांना सांगत असतो की तू सिंह आहेस. चौदा वर्षांच्या पोराला झोप हवी असते. तो सिंह नसतो, पेंगुळलेला असतो.

आणि भाषणं! आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे भाषण असा एक समज आहे. पोराचा पट का निसटतो, समोरच्याचा तोल कोणत्या पायावर आहे, गुडघा किती वाकवायचा, हे सांगायला अभ्यास लागतो. ‘आईबापाच्या घामाची आठवण ठेव’ हे सांगायला माइक पुरतो. मग आईबापाचा घाम, जिल्ह्याचं नाव, तालमीची इज्जत, छत्रपतींचा वारसा, असं सगळं त्या पोराच्या मानगुटीवर चढवलं जातं आणि मग त्याला सांगितलं जातं, आता मोकळेपणाने खेळ. अहो, समोरचा पैलवान सव्वाशे किलोचा आहेच, त्यात वारशाचं वजन कशाला?

या भाषणांचा एक ठरलेला साचा आहे. आधी पोराला नालायक ठरवायचं, मग अपमानातून तो पेटून उठेल अशी वाट बघायची. पेटला तर ‘बघा, माझी पद्धत’. विझला तर ‘त्याच्यात दमच नव्हता’. या प्रयोगाचं निष्कर्षपत्र दोन्ही बाजूंनी प्रयोगकर्त्याच्या बाजूचं. विज्ञानात अशा प्रयोगाला फसवणूक म्हणतात, आमच्याकडे त्याला कडक शिस्त म्हणतात. किती पोरं विझली याची वही कोणत्याच तालमीत नसते. ती सातवी-आठवीतली पोरं, ज्यांचा खांदा निखळला आणि परत बसला तो कायमचा कुरकुरत, ज्यांचं वजन कमी करायला दोन दिवस पाणी तोडलं आणि स्पर्धेच्या सकाळी चक्कर आली, जी गुपचूप गावी गेली आणि आता कुठेतरी पंपावर डिझेल भरतात, ती फ्लेक्सवर येत नाहीत. फ्लेक्सला जागा मर्यादित असते.

वजनावरून आठवलं. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट 50 किलो गटाच्या अंतिम फेरीच्या सकाळी 100 ग्रॅमने जास्त भरली आणि अपात्र ठरली. साऱ्या देशाने त्या रात्री वजनाचं शास्त्र शिकून घेतलं. चहाच्या टपरीवर लोक घाम, केस आणि रक्त यांचे ग्रॅम मोजत होते. आठवडाभराने सगळे विसरले. नगरच्या किती तालमींत त्यानंतर आहारतज्ज्ञ आला? आहारतज्ज्ञ राहू द्या, अचूक वजनकाटा आला? जिथे दूध, तूप, बदाम आणि थंडाई यांचा हिशेब ‘पोटभर’ या एककात ठेवतात तिथे शंभर ग्रॅम म्हणजे चेष्टाच. आणि ज्यांना झटपट फळ हवं असतं त्यांच्यासाठी कोपऱ्यावरच्या जिमचा पुरवठादार सुई घेऊन तयार. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या 2023 च्या आकडेवारीत भारताचे 5,606 नमुने तपासले गेले आणि 213 दोषी निघाले. मोठ्या संख्येने चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत वाईट. विश्वगुरू व्हायचं म्हणत होतो ना? एका विषयात झालो.

पण खरी प्रेरणा कोणती, हे पैलवानाला विचारा. तो लाजतो, मग खरं बोलतो. गदा, गाडी आणि नोकरी. वाडिया पार्कात विजेत्याला थार मिळाली. विजय चौधरी, नरसिंग यादव, राहुल आवारे हे कुस्तीच्या जोरावर थेट पोलीस उपअधीक्षक झाले, हे प्रत्येक तालमीतल्या पोराला पाठ आहे. यात चूक काय? काहीच नाही. शेतकऱ्याच्या पोराने भाकरीसाठी खेळू नये, फक्त मातीच्या प्रेमासाठी खेळावं, असं सांगणारे लोक स्वतः मानधन घेतल्याशिवाय मातीवर व्याख्यान देत नाहीत. माझं म्हणणं वेगळं आहे. बक्षिसाची रचना जशी असेल तसा खेळ घडतो, आणि आमची रचना कशी आहे ते जरा बघा.

महाराष्ट्र केसरी किताबाचा गट 86 ते 125 किलोंचा. ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या फ्रीस्टाइल कुस्तीचे गट सहा: 57, 65, 74, 86, 97 आणि 125. म्हणजे निम्मे गट आमच्या सर्वोच्च किताबाच्या दाराबाहेर. सत्तावन्न किलोच्या पोराने काय करायचं? तो राज्य अजिंक्यपदाच्या आपल्या गटात सुवर्ण जिंकेल, त्याला पदक मिळेल, टाळ्या मिळतील आणि मग सगळा मंडप त्याच्याकडे पाठ करून ‘मोठ्या’ कुस्तीची वाट बघेल. त्याला थार मिळत नाही, फ्लेक्स मिळत नाही, गदा तर नाहीच. मग वस्ताद सांगतो, खा. फुग. वजन वाढव. जो पोरगा 65 किलोला जगात कुठेतरी पोहोचला असता त्याला आम्ही 90 किलोचा करून हगाम्यात फिरवतो. नरसिंग यादवसारखा एखादा दोन्ही जमवतो. तीन वेळा केसरीही झाला आणि 74 किलोला 2015 च्या जागतिक स्पर्धेत कांस्यही आणलं. असा एखादाच. बाकीचे फुगतात आणि तिथेच राहतात.

राहुल आवारे बघा. 2018 ला राष्ट्रकुलचं सुवर्ण 57 किलोत, 2019 ला जागतिक कांस्य 61 किलोत. अलीकडच्या महाराष्ट्राचा जगात सर्वांत उजळ ठरलेल्या मल्लांपैकी एक, आणि त्याच वजनावर तो महाराष्ट्र केसरीच्या गटात बसतच नाही. राज्यापेक्षा जग जिंकणं सोपं, असा हा किताब!

खाशाबा जाधवांचं नाव मात्र प्रत्येक उद्घाटनाच्या भाषणात येतं. यायलाच हवं. 1952, हेलसिंकी, कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. भाषण करणाऱ्याला बहुधा एक तपशील ठाऊक नसतो. खाशाबा 57 किलो गटात खेळले. आजच्या नियमाने खाशाबा जाधव महाराष्ट्र केसरीच्या दारातूनच परत पाठवले गेले असते. ‘बाळ, वजन वाढवून ये.’

दुसरा तपशील तर मी मुद्दाम सावकाश सांगतो. जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ, दमवणारी कुस्ती झाली आणि खाशाबांना लगेच सोव्हिएत संघाच्या ममदबेयोवशी खेळायला उतरवलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमात होती. ती मागायला त्यांच्या बाजूने एकही भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. इशीला सुवर्ण मिळालं. खाशाबांनी कोणाला लाथ मारल्याची नोंद नाही. ते घरी आले, गोळेश्वरच्या लोकांनी बैलगाड्यांची मिरवणूक काढली, आणि त्यांनी पुढे कुस्त्या करून पैसे उभे केले ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांचं गहाण पडलेलं घर सोडवायला. ते घर खर्डेकरांनी पोराला हेलसिंकीला पाठवण्यासाठी गहाण टाकलं होतं. सात हजार रुपयांना. प्राचार्यांचं भाषण कोणाच्या लक्षात नाही, बहुधा त्यांनी केलंच नसावं.

1952 ला कोपरा रिकामा होता. 2025 ला कोपरा, व्यासपीठ, मंडप, सगळं खचाखच भरलेलं होतं, आणि पैलवानाला दाद मागून देणारा माणूस तेव्हाही नव्हता. त्र्याहत्तर वर्षांत आपण एवढी प्रगती केली: अनुपस्थितांची संख्या वाढवली.

हेलसिंकीनंतर महाराष्ट्राच्या एकाही पैलवानाने ऑलिंपिक पदक आणलेलं नाही. महाराष्ट्र केसरी 1961 पासून भरते. या दोन वाक्यांचा परस्परांशी संबंध नाही असं सिद्ध करणाऱ्याला माझ्यातर्फे एक नारळ. मोठा.

आणि आता एक प्रश्न, गुगल न करता उत्तर द्या. वाडिया पार्कच्या लाथेच्या काही दिवस आधी, जानेवारी 2025 मध्येच, वर्धा जिल्ह्यातल्या देवळीत महिला महाराष्ट्र केसरी कोण झालं? श्रीगोंद्याची भाग्यश्री फंड. आपल्याच जिल्ह्याची. लाथ मारणाऱ्याचं नाव तुम्हाला पाठ आहे, गायकवाड का निघून गेला यावर तुम्ही वाद घालू शकता, आणि जिल्ह्याच्या मुलीने राज्याचा किताब आणला हे तुम्हाला आठवायला वेळ लागला. लागला ना? वाईट वाटून घेऊ नका, फ्लेक्सवाल्यालाही लागला असेल. महिलांचा हा किताबच मुळी 2023 ला सुरू झाला, पहिली मानकरी सांगलीची प्रतीक्षा बागडी. म्हणजे पुरुषांनंतर 62 वर्षांनी. उशीर झाला, पण निदान त्यांनी अजून सदुसष्टच्या आधी सहासष्ट मोजायला सुरुवात केलेली नाही. कुस्तीच्या पुढाऱ्यांनी मनावर घेतलं तर तेही होईल.

मुलींच्या कुस्तीबद्दल आमचे वस्ताद भरभरून बोलतात. ‘मुलगा-मुलगी भेद नाही.’ मग जरा विचारा, वस्ताद, तुमच्या तालमीत एखादी महिला प्रशिक्षक आहे का? मुलींना कपडे बदलायला खोली आहे का? तक्रार करायची तर कोणाकडे, आणि ती तक्रार तुमच्याविरुद्धच असली तर? 2023 च्या जानेवारीत देशाच्या नावाजलेल्या कुस्तीगीर मुली अशाच तक्रारी घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर रस्त्यावर बसल्या होत्या, तेव्हा महाराष्ट्राच्या किती तालमींनी एखादं पत्रक काढलं? ‘आम्ही खेळात राजकारण आणत नाही’ म्हणाले असतील. बरोबर. आणतच नाहीत. ते आधीच व्यासपीठावर बसलेलं असतं, त्याला फक्त हार घालायचा असतो.

माझ्यावर आरोप होईल की लाल मातीची बदनामी करतोय. माती बिचारी हळद, ताक, तेल पिऊन गप्प पडलेली आहे, तिची बदनामी कोण करतंय हे तिला चांगलं माहीत आहे. दुसरा आरोप, मी कधी लंगोट लावला होता का? नव्हता. पण कोंबडा आरवला की मला कळतं उजाडलं, त्यासाठी मला स्वतः आरवावं लागत नाही. आणि तिसरा आरोप, बोलणं सोपं असतं. हे मात्र खरं. त्यामुळेच आमच्या अकॅडम्यांत सगळे बोलतात.

तेव्हा नगर जिल्ह्यातल्या आईबापांनो, आता यात्रांचा हंगाम येईल, सुट्ट्या लागतील आणि ‘प्रवेश सुरू’चे फलक झळकतील. पोराला किंवा पोरीला तालमीत घालायचं असेल तर जरूर घाला, चांगला खेळ आहे. फक्त प्रवेशाचे पैसे भरायच्या आधी वस्तादांना चार प्रश्न विचारा. गेल्या पाच वर्षांत किती मुलं मध्येच सोडून गेली आणि का? मुलाला लागलं तर डॉक्टर कोण आणि खर्च कोणाचा? मुलाचं वजन वाढवायचं की कमी करायचं, हे कोण ठरवणार आणि कशाच्या आधारावर? आणि शेवटचा, मुलगा हरला त्या दिवशी तुम्ही त्याला काय सांगता? पहिल्या तीन प्रश्नांवर वस्ताद चिडले तर थोडं समजून घ्या, त्यांना कोणी कधी विचारलेलं नाही. चौथ्यावर चिडले तर पैसे परत खिशात घाला आणि मुलाला घेऊन घरी या.